हर्बल आहे ना, मग चाटू दे!

‘हर्बल’ म्हटलं की आपण निर्धास्त. शाम्पू हर्बल, चहा हर्बल, फेसपॅक हर्बल. मग घरातल्या बोक्यालाच ‘केमिकल’ कशाला? आमच्या ऑफिसात पेट पाळणाऱ्यांची एक गँग आहे. गोचीड, खाज, अपचन... लंच टाइममध्ये सगळ्यावर इलाज तयार! लसूण, कोरफड, टी ट्री ऑइल. वर ठसका, ‘नॅचरल आहे रे, साइड इफेक्टच नाही!’

मला झाडपाल्याचं वावडं नाही. आपल्याकडे हत्तींच्या औषधोपचारावर पालकाप्याच्या नावाचा अख्खा ‘हस्त्यायुर्वेद’ आहे. गाईच्या कासदाहावर तर आजही राष्ट्रीय डेअरी विकास मंडळ कोरफड, हळद आणि चुन्याचा लेप सुचवतं.

पण तो लेप गाईच्या कासेला लावायचा असतो, बॉस! कोरफडीच्या सालीखालचा पिवळा चीक कुत्र्या-मांजराच्या पोटात गेला, की उलट्या-जुलाब सुरू. आणि मांजर म्हणजे चालतं-फिरतं वॉशिंग मशीन. अंगाला काहीही चोळा, तासाभरात ते पोटात!

त्यात मांजराचं लिव्हर आपल्यासारखं नाही. काही रसायनं निकामी करून बाहेर टाकायला जे एन्झाइम लागतं, ते त्याच्याकडे फारच तोकडं. म्हणून तर आपण डोकं दुखलं की घेतो ती पॅरासिटामॉलची एक गोळीही मांजराच्या जिवावर बेतू शकते. टी ट्री ऑइल कातडीतूनही अंगात भिनतं. मग तोल जाणं, थरथर, लाळ गळणं. लसूण आणि कांदा तर रक्तातल्या तांबड्या पेशीच फोडतात, मांजराच्या आणि कुत्र्याच्याही. हिरड्या पांढुरक्या दिसेपर्यंत कधी कधी चार-पाच दिवस जातात. तोवर आपण मात्र ‘लसणाने गोचीड पळाले’ म्हणून खूश!

मग हर्बल बंद? मुळीच नाही. बद्धकोष्ठ झालेल्या मांजराला व्हेट स्वतःच इसबगोल सांगतात. फरक इतकाच, की ते आधी वजन बघतात, डोस ठरवतात आणि पाणी भरपूर पाजायला सांगतात. म्हणजे औषधासारखंच वागवतात.

तेव्हा पुढच्या व्हिजिटला फाइलबरोबर ती हर्बल बाटलीही बॅगेत टाका. लेबल व्हेटला वाचू द्या. आधीच काही पाजलं असेल, तर तेही सांगून टाका. विशेषतः ऑपरेशन ठरलं असेल तेव्हा. लाजू नका. तुमचा बोका काही स्वतःहून सांगणार नाहीये!