विषयपत्रिका कोणाच्या हाती?

महानगरपालिकांच्या निवडणुका आल्या की युती कोणाशी, महापौर कोणाचा, आयुक्त कोण येणार, या प्रश्नांवर रकानेच्या रकाने खर्ची पडतात. निवडून आलेले सभागृह पुढची पाच वर्षे कोणत्या क्रमाने कोणते काम हाती घेणार आणि तो क्रम ठरवणार कोण, हा प्रश्न मात्र क्वचितच कोणी विचारतो. शहराचा कारभार ज्या कागदावर चालतो त्याला विषयपत्रिका म्हणतात. कोणता विषय पहिला, कोणता त्र्याऐंशीवा आणि कोणता कधीच येणार नाही, हे त्या कागदावर ठरते. तिसऱ्या क्रमांकाच्या विषयावर दोन तास चर्चा होते. त्र्याऐंशीव्या क्रमांकाचा विषय ‘मंजूर, मंजूर’ म्हणत चार सेकंदांत संपतो. कोट्यवधींचे प्रस्ताव बहुधा तिथेच बसवलेले असतात, हा निव्वळ योगायोग नसतो.

संसदेत ही गोष्ट कोणाच्या मर्जीवर सोडलेली नाही. लोकसभेत १९५२ पासून कामकाज सल्लागार समिती आहे. अध्यक्ष तिचे प्रमुख असतात, विविध पक्षांचे सदस्य तीत बसतात आणि कोणत्या विधेयकाला किती वेळ द्यायचा हे ती ठरवते. आठवड्याच्या अखेरीस संसदीय कामकाज मंत्री पुढील आठवड्यातील सरकारी कामकाज सभागृहाला सांगतात. राज्यांच्या विधिमंडळांतही अशा समित्या आहेत. या व्यवस्थेतही पळवाटा निघतात आणि विधेयके गोंधळात मंजूर होतात, हे खरे. पण पुढे काय येणार आहे हे आधी सांगण्याची बांधिलकी तरी तिथे मान्य झालेली आहे. कोट्यवधी लोकसंख्येच्या आपल्या शहरांत तेवढीही नाही. तिथे महापौरांच्या दालनात गटनेत्यांची बैठक होते. तिला बहुतेक ठिकाणी ना कायद्याचा आधार असतो, ना तिचे इतिवृत्त लिहिले जाते.

हे असे का झाले, याचे उत्तर इतिहासात आहे. लॉर्ड रिपनच्या १८ मे १८८२ च्या ठरावाने स्थानिक स्वराज्याला राजकीय शिक्षणाचे साधन मानले. कारभार थोडा ढिला झाला तरी चालेल, पण लोक तो शिकतील, असा त्यामागचा विचार होता. त्यानंतर सहा वर्षांनी आलेल्या मुंबईच्या १८८८ च्या कायद्याने, ज्याच्या घडणीत फिरोजशहा मेहता यांचा मोठा वाटा होता, अंमलबजावणीचा अधिकार सरकारनियुक्त आयुक्ताकडे ठेवला. धोरण आणि देखरेख महापालिकेकडे राहिली आणि खर्चाची मंजुरी स्थायी समितीकडे गेली. आर्थर क्रॉफर्ड यांच्या काळात आयुक्ताच्या हातून झालेल्या बेसुमार खर्चाची आठवण तेव्हा ताजी होती. म्हणून या रचनेचा सारा भर अडवण्यावर आहे, योजण्यावर नाही. आयुक्ताला समिती अडवते, समितीला सभागृह अडवते आणि सर्वांना सरकार अडवते. एकमेकांकडे संशयाने पाहणारे हे तिघे वर्षाच्या आरंभी एका टेबलाभोवती बसून बारा महिन्यांच्या कामाचा क्रम लावतील, अशी सोय त्या कायद्याने केली नाही. वसाहतीच्या सरकारला तिची गरजही नव्हती. स्वातंत्र्यानंतर अनेक राज्यांनी हाच साचा थोड्याफार फरकाने उचलला. महापौर सभेचे अध्यक्ष झाले, शहराचे नेते झाले नाहीत. दिल्लीने तर त्यांची मुदतच एका वर्षाची केली आणि बंगळुरूतही ती पूर्वी एकाच वर्षाची होती. एका वर्षात पावसाळा एकदाच येतो आणि अंदाजपत्रकही एकदाच. दोन्ही समजेपर्यंत पद जाते.

अशा रचनेत विषयपत्रिका प्रत्यक्षात कशी तयार होते, ते मी एका मध्यम आकाराच्या शहरात आयुक्त असताना जवळून पाहिले आहे. खात्यांकडून प्रस्ताव येतात ते त्यांच्या सोयीने. निविदेची मुदत संपत आली की फाईल धावू लागते. निधी परत जाण्याची भीती असली तर ती उडू लागते. नगरसचिव ते सारे एकत्र करून क्रमांक घालतात आणि सभेच्या थोडे दिवस आधी जाड गठ्ठा नगरसेवकांच्या घरी पोहोचतो. पहिल्यांदा निवडून आलेल्या नगरसेविकेने त्यातला कोणता प्रस्ताव वाचायचा, कोणाला विचारायचे आणि प्रभागातील लोकांशी कधी बोलायचे? त्यावर सभेच्या सकाळी ‘ऐनवेळचे विषय’ येतात. हा शब्दप्रयोग आपल्या नगरपालिकांच्या व्यवहारात इतका रुळला आहे की त्यातील विसंगती कोणाला टोचत नाही. पाइप फुटला, इमारत कोसळली, साथ आली, तर विषय ऐनवेळी येणे समजू शकते. पण दहा वर्षांचा कचरावाहतुकीचा ठेका ऐनवेळचा कसा असू शकतो? ज्याची तयारी सहा महिने चालू होती, तो फक्त वाचणाऱ्यासाठी ऐनवेळचा असतो. प्रशासनाला हे सोयीचे असते, हे मी प्रशासनात आयुष्य घालवून सांगतो. सत्ताधारी गटालाही ते सोयीचे असते. गैरसोय होते ती विरोधकांची, पत्रकारांची आणि नागरिकांची.

विषयपत्रिकेची साखळी एका जागी तुटली की काय होते, याचा धडा राजधानीने अलीकडेच घेतला. मे २०२२ मध्ये दिल्लीच्या तीन महापालिकांचे विलीनीकरण झाले आणि डिसेंबरमध्ये २५० प्रभागांची निवडणूक झाली. महापौरांची निवड फेब्रुवारी २०२३ पर्यंत रखडली. तीन सभा गोंधळात वाया गेल्या आणि नामनिर्देशित सदस्यांना त्या निवडीत मत देता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाला सांगावे लागले. पण खरी कोंडी त्यापुढची होती. दिल्लीच्या स्थायी समितीत १८ सदस्य असतात. त्यातील सहा सभागृह निवडते आणि बारा विभागीय प्रभाग समित्यांकडून येतात. उपराज्यपालांनी नेमलेले दहा सदस्य या विभागांत मतदान करतात, म्हणून त्यांच्या नेमणुकीचा अधिकार कोणाचा हा वाद न्यायालयात गेला आणि ५ ऑगस्ट २०२४ ला निकाल लागेपर्यंत बारा जागा भरल्याच गेल्या नाहीत. स्थायी समिती प्रत्यक्ष कामाला लागली ती जून २०२५ मध्ये. म्हणजे निवडणुकीनंतर अडीच वर्षांनी, सभागृहाची निम्मी मुदत उलटल्यावर.

या अडीच वर्षांत आयुक्त होते, महापौर होते, अडीचशे नगरसेवक होते आणि सभाही भरत होत्या. पण पाच कोटी रुपयांवरच्या कंत्राटाला तेव्हा मंजुरी लागत होती ती स्थायी समितीची, आणि तीच नव्हती. कचऱ्याच्या डोंगरांची विल्हेवाट किंवा नाल्यांची मोठी कामे असे जे विषय पाच कोटींत मावत नाहीत, त्यांना जायला जागाच उरली नाही. सभागृहालाच समितीचे अधिकार वापरू द्यावेत, अशी विनंती घेऊन महापौरांना सर्वोच्च न्यायालयाचे दार ठोठवावे लागले. २७ जुलै २०२४ च्या रात्री ओल्ड राजिंदर नगरात शिकवणी वर्गाच्या तळघरात पाणी शिरून तीन विद्यार्थी बुडाले. त्या दुर्घटनेची कारणे अनेक होती. ती स्थायी समितीच्या अभावाला चिकटवणे अन्यायाचे होईल. तरीही नालेसफाई, तळघरांची तपासणी आणि बांधकाम परवाने हे तीन विषय पावसाळ्याआधी एकत्र कोणापुढे यायला हवे होते, असे विचारले तर त्या वर्षी दिल्लीत उत्तर देता येईल अशी एकही जागा नव्हती. दोन्ही पक्षांनी एकमेकांवर दोषारोप केले आणि दोघांच्याही म्हणण्यात तथ्य होते. माझा मुद्दा वेगळा आहे. कारभार अडवून धरण्यासाठी एक समिती न बनवणे पुरेसे असेल, तर दोष केवळ माणसांचा नाही, कायद्याच्या बांधणीचाही आहे.

बंगळुरूची गोष्ट याहून सरळ आहे, म्हणून अधिक चिंताजनक. तिथल्या निर्वाचित सभागृहाची मुदत सप्टेंबर २०२० मध्ये संपली. त्यानंतर पाच वर्षे महापालिका प्रशासकांच्या हाती राहिली आणि सप्टेंबर २०२५ मध्ये तिचे पाच महापालिकांत विभाजन झाले, तेही प्रशासकांच्याच काळात. या पाचांवर समन्वयासाठी ग्रेटर बंगळुरू प्राधिकरण आहे आणि मुख्यमंत्री त्याचे अध्यक्ष आहेत. शहराचे भवितव्य ठरवणारी एवढी मोठी फेररचना शहराच्या स्वतःच्या सभागृहात एकदाही विषयपत्रिकेवर आली नाही, कारण सभागृहच नव्हते. चेन्नईनेही ऑक्टोबर २०१६ ते फेब्रुवारी २०२२ हा काळ असाच काढला. मुंबईत मार्च २०२२ मध्ये सभागृहाची मुदत संपल्यानंतर जवळजवळ चार वर्षे प्रशासक होते. २०२५-२६ चा ७४ हजार ४२७ कोटींचा अर्थसंकल्प प्रशासनाने प्रशासकांनाच सादर केला. सूचक तेच, अनुमोदकही तेच. मुदत संपण्यापूर्वी निवडणूक घ्यावी, असे राज्यघटनेच्या २४३-यू या अनुच्छेदात सरळ शब्दांत लिहिले आहे.

मग निराळे काही शक्य आहे का? आपल्याच देशात दोन नमुने आहेत आणि दोन्ही अपुरे असले तरी शिकण्याजोगे आहेत. कोलकात्याच्या महापालिकेला सत्तेच्या वाटणीचा जुना इतिहास आहे. १८९९ च्या कायद्याने तिथल्या निर्वाचित सदस्यांची संख्या निम्म्यावर आणली, तेव्हा सुरेंद्रनाथ बॅनर्जींसह २८ जणांनी राजीनामे दिले. पुढे मंत्री झाल्यावर त्याच बॅनर्जींनी १९२३ चा कायदा आणला आणि १९२४ मध्ये चित्तरंजन दास महापौर व सुभाषचंद्र बोस मुख्य कार्यकारी अधिकारी झाले. १९८० च्या कायद्याने तिथे महापौर परिषद आली. महापौर, उपमहापौर आणि खाती वाटून घेतलेले सदस्य मिळून शहराचे मंत्रिमंडळच तयार होते आणि सभा चालवण्याचे काम वेगळ्या अध्यक्षांकडे जाते. सभेचा पंच आणि संघाचा कर्णधार एकच असू नये, ही साधी गोष्ट या रचनेने मान्य केली. मध्य प्रदेशातही महापौर परिषद आहे. या रचनेचा दोष असा की निर्णय बंद दाराआड होतात आणि सभागृह त्यावर शिक्का मारण्यापुरते उरते.

केरळचा नमुना मला अधिक आशादायक वाटतो. तिथे १९९४ च्या नगरपालिका कायद्यानुसार प्रत्येक नगरसेवक कोणत्या ना कोणत्या स्थायी समितीत असतो. महापौर, उपमहापौर आणि सर्व स्थायी समित्यांचे अध्यक्ष यांची मिळून सुकाणू समिती होते. समित्यांच्या कामांत मेळ घालणे आणि त्यावर लक्ष ठेवणे हेच तिचे काम. अनेकदा एखाद्या समितीचे अध्यक्षपद विरोधकांकडे जाते, म्हणजे विरोधकही सुकाणूजवळ बसतात. त्यातच १९९६ च्या लोकनियोजन मोहिमेमुळे वार्षिक योजनेला एक ठरलेली वाट मिळाली आहे. कार्यगट, प्रभाग सभा, विकास परिसंवाद, समित्या, सभागृह आणि शेवटी जिल्हा नियोजन समिती. मार्चअखेरची खर्चाची घाई तिथेही सुटलेली नाही आणि प्रभाग सभांची उपस्थितीही रोडावते. पण तिथल्या नगरसेवकाला पुढच्या टप्प्यावर काय येणार आहे याचा अंदाज असतो. दिल्लीच्या नगरसेवकाला तो नसतो.

यासाठी घटनादुरुस्तीची वाट पाहण्याचे कारण नाही. राज्यांनी आपल्या महापालिका कायद्यांत एक कलम घालावे. प्रत्येक महापालिकेत कामकाज समिती असेल, तीत महापौर, समित्यांचे अध्यक्ष, विरोधी पक्षनेता आणि आयुक्त असतील, आणि ती पुढील तीन महिन्यांत येणाऱ्या महत्त्वाच्या विषयांची यादी दर महिन्याला मराठीत, हिंदीत, कन्नडात, जिथली जी भाषा असेल तिच्यात प्रसिद्ध करील. ठरावीक रकमेवरचा किंवा एकाहून अधिक प्रभागांवर परिणाम करणारा जो विषय या यादीत नव्हता, तो ऐनवेळी आणायचा असेल तर कारण लेखी द्यावे लागेल आणि ते इतिवृत्तात नोंदवले जाईल. इंग्लंडमध्ये २०१२ च्या नियमांनुसार नगर परिषदांना महत्त्वाच्या निर्णयाची सूचना २८ दिवस आधी द्यावी लागते. त्यामुळे तिथला कारभार थांबलेला नाही. स्थायी समिती ठरावीक मुदतीत बनली नाही, तर तिचे अधिकार आपोआप सभागृहाकडे जातील, अशी दुसरी तरतूदही हवी. दिल्लीची अडीच वर्षे तेवढ्याने वाचली असती.

आक्षेप दोन्ही बाजूंनी येतील. माझे जुने सहकारी म्हणतील की यादी आधी जाहीर केली की दलाल आणि अडवणूक करणारे आधी जागे होतात. ते आजही जागेच असतात. त्यांना विषयपत्रिका छापण्यापूर्वीच मिळते. झोपेत ठेवला जातो तो नागरिक. लोकप्रतिनिधी म्हणतील की प्रभागातील गटार आज तुंबले तर तीन महिन्यांच्या यादीचे काय करायचे? त्यांचे म्हणणे अर्धे खरे आहे. गटार साफ करणे हे आयुक्तांच्या अधिकारातले काम आहे आणि त्यासाठी सभेची वाट पाहावी लागत असेल तर प्रशासनच कोलमडले आहे. पण तेच गटार दर वर्षी का तुंबते, हा प्रश्न नियोजनाचा आहे. तो जानेवारीत विषयपत्रिकेवर यायला हवा, जुलैत नव्हे.

शेवटी एक तपशील, जो नियमपुस्तकांच्या बाहेर फारसा कोणी वाचत नाही. मुंबईच्या १८८८ च्या कायद्याने महापालिका चिटणिसाची नेमणूक आयुक्तांकडे ठेवली नाही. सभेपुढे काय यावे याची नोंद ठेवणारा माणूस प्रशासनाच्या हाताखालचा असू नये, एवढी समज त्या काळातील नगरसेवकांना होती. प्रशासकांच्या राजवटी आटोपून शहरांत पुन्हा सभागृहे भरू लागतील, तेव्हा पहिल्या सभेत कोणी हार घालेल, कोणी घोषणा देईल. त्याच सभेत एखाद्या नगरसेवकाने उभे राहून पुढील तीन सभांचे विषय कोणते, एवढाच प्रश्न चिटणिसांना विचारावा आणि त्याचे उत्तर इतिवृत्तात लिहून घ्यावे.