उत्तर पाठ, कारण अज्ञात

वडोदरा शहरातील गोरवा हा कारखान्यांच्या शेजाराने वाढलेला भाग. तेथील शासकीय औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत शिकणारा फिटर आणि आपल्या फर्मागुढीच्या किंवा म्हापशाच्या आयटीआयमधला फिटर यांची गाठ कधी पडण्याचे कारण नाही; तरीही दोघे एकाच अखिल भारतीय व्यवसाय परीक्षेला बसतात. या परीक्षेचा सैद्धांतिक भाग आता संगणकावर, बहुपर्यायी प्रश्नांच्या रूपात होतो. उत्तीर्ण होण्यासाठी प्रात्यक्षिकात ६० टक्के गुण लागतात, सैद्धांतिक विषयांत ३३ टक्के. चार पर्यायांपैकी एक डोळे मिटून निवडत गेले तरी सरासरीने चारांतले एक उत्तर बरोबर येतेच. म्हणजे नशिबाचे २५ आणि उत्तीर्णतेचे ३३ यांत अवघ्या आठ टक्क्यांचे अंतर उरते.

हे अंतर कसे भरून काढायचे, हे प्रशिक्षणार्थींना चांगले ठाऊक असते. चेन्नईची राष्ट्रीय अनुदेशात्मक माध्यम संस्था आणि केंद्राचे ‘भारत स्किल्स’ संकेतस्थळ यांच्या प्रश्नपेढ्या सर्वांना खुल्या आहेत. त्या उपलब्ध आहेत हे चांगलेच; परंतु त्यांचा वापर बहुधा पाठांतरासाठी होतो. प्रश्नातले पहिले चार शब्द दिसताच ‘क’ पर्याय आठवतो. तो बरोबर का, हे सांगता येत नाही.

यावर एक साधा उपाय बऱ्याच विद्यापीठांत वापरून पाहिला गेला आहे. न्यूझीलंडमधील ऑकलंड विद्यापीठात पॉल डेनी यांनी ‘पीअरवाइज’ नावाची संगणकीय प्रणाली विकसित केली. तीत विद्यार्थी स्वतः बहुपर्यायी प्रश्न तयार करतो, पर्याय लिहितो आणि योग्य उत्तरामागचे कारण जोडतो. वर्गातले इतर विद्यार्थी तो सोडवतात, त्याचा दर्जा आणि काठिण्य ठरवतात, खटकलेले लिहून कळवतात. या पद्धतीचा गाभा संगणकात नाही. वही आणि फळ्यावरही ते जमते.

मायक्रोमीटरचे उदाहरण घ्यावे. स्लीव्हवर सात मिलिमीटरची रेघ आणि त्यापुढची अर्ध्या मिलिमीटरची रेघ दिसते, थिंबल २२ वर आहे, माप किती? लघुतम माप ०.०१ मिलिमीटर धरता उत्तर ७.७२. प्रश्न लिहायला बसलेल्या मुलाला हे सहज जमते. खरी अडचण उरलेल्या तीन पर्यायांची. ‘५०० मिलिमीटर’ असा काहीतरी पर्याय त्याने लिहिला, तर शेजारचा मित्र तो वाचताच हसून बाजूला सारतो. मग शोध सुरू होतो की माणूस चुकतो तरी कुठे? अर्ध्या मिलिमीटरची रेघ नजरेतून निसटली, तर ७.२२ येते. थिंबलवरचा आकडा शतांशाऐवजी सहस्रांश समजला, तर ७.५२२ येते. यांतली पहिली चूक कार्यशाळेत रोज घडते आणि तिच्यामुळे तयार झालेला सुटा भाग भंगारात जातो. ती पर्याय म्हणून लिहिणाऱ्याला ती आधी ओळखावी लागते आणि ‘हा पर्याय का चुकीचा’ हे मित्राला पटवावे लागते. प्रश्नपेढीतले शंभर प्रश्न घोकून हे साधत नाही.

अर्थात, सहाध्यायांकडून होणाऱ्या परीक्षणाचे धोकेही उघड आहेत. मित्र मित्राचे कौतुक करतो. वर्गातल्या हुशार मुलाने चुकीचे उत्तर बरोबर ठरवले, तर बाकीचे माना डोलावतात आणि चूक वर्गभर पसरते. म्हणून परीक्षण निनावी हवे, त्यावर अंतिम गुण अवलंबून नसावेत आणि निवडक प्रश्नांवर शेवटचा शब्द निदेशकाचा असावा. यातला तिसरा मुद्दा कागदावर सोपा, प्रत्यक्षात सर्वांत अवघड.

भाषेचा प्रश्नही यातच येतो. गोरव्यातला मुलगा गुजरातीत विचार करील, आपला कोकणी-मराठीत. प्रश्न स्वतः लिहायचा तर तो आपल्याच भाषेत सुचतो. वडोदऱ्याला हे नवे नाही: १८९० मध्ये सयाजीराव गायकवाडांच्या आश्रयाने तेथे कलाभवन उभे राहिले, तेव्हा त्रिभुवनदास गज्जर यांनी तांत्रिक शिक्षण देशी भाषांतून देण्याचा आग्रह धरला होता. आज प्रशिक्षणार्थी शब्द इंग्रजी वापरतात आणि कारण मातृभाषेत सांगतात. ते तसेच लिहू द्यावे.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ने शालेय प्रगतिपत्रकात शिक्षकांच्या मूल्यमापनासोबत स्वयंमूल्यमापन आणि सहाध्यायी मूल्यमापन यांचाही समावेश सुचवला आहे. गोव्याच्या शाळांना बहुपर्यायी परीक्षेचा अनुभवही आहे. कोविडकाळात, डिसेंबर २०२१ मध्ये, गोवा शालान्त मंडळाने पहिल्या सत्राची परीक्षा याच पद्धतीने घेतली होती. आयटीआयचा कारभार मात्र शाळांहून वेगळा आणि त्यांचा अभ्यासक्रम दिल्लीहून ठरतो. परीक्षेचे स्वरूप राज्याला बदलता येणार नाही. वर्गातला वेळ मात्र राज्याच्या संस्थांच्याच हाती आहे. आठवड्यातला एक तास, प्रत्येकी एक प्रश्न आणि दोन सहाध्यायांची लेखी टिपणी एवढ्यावर सुरुवात होऊ शकते. तीस जणांच्या तुकडीत आठवड्याला तीस प्रश्न जमतील. त्यांतले दहा जरी निदेशकाने वाचायचे म्हटले, तरी तो वेळ त्याच्या कामाच्या तासांत अधिकृतपणे धरावा लागेल. प्रात्यक्षिकांची नोंद, हजेरी आणि यंत्रांची देखभाल सांभाळून उरलेल्या वेळेत ते होईल, असे गृहीत धरले, तर महिनाभरात वह्या कपाटात जातील.