उंबऱ्यावरची रांग

आजकाल कितीतरी मराठी घरांतून फराळाचा एक डबा अमेरिकेस रवाना होतो. त्या घरांत 'ग्रीन कार्ड' हा शब्द चकलीच्या भाजणीइतकाच परिचयाचा झाला आहे. "अजून नंबर लागला नाही," असे आई सांगते आणि ऐकणारे मान डोलावतात. मला या मान डोलावण्याचा राग येतो. नंबर का लागत नाही, हे आपण विचारीतच नाही.

घरात कोणास घ्यावे हे ठरविण्याचा हक्क प्रत्येक राष्ट्रास आहे, हे मी प्रथमच मान्य करतो. अमेरिकेने तो पूर्वी निर्दयपणे वापरला. १९२३ साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने भगतसिंग थिंड यांस 'गोरे' नाहीत म्हणून नागरिकत्व नाकारले. १९४६ साली दार किलकिले झाले, ते वर्षाला शंभर भारतीयांपुरते! पुढे ३ ऑक्टोबर १९६५ रोजी अध्यक्ष जॉन्सन यांनी स्वातंत्र्यदेवतेच्या पुतळ्याच्या पायथ्याशी नव्या कायद्यावर सही केली, आणि जन्मभूमी पाहून माणूस मोजण्याची रीत संपल्याची ग्वाही दिली.

ती संपली काय? नोकरीच्या आधारे तेथे दरसाल सुमारे १,४०,००० कायम वास्तव्याचे परवाने दिले जातात. बायकामुलेही याच आकड्यात. १९९० च्या कायद्यान्वये एका देशात जन्मलेल्यांस त्यांतील सात टक्के, म्हणजे सुमारे ९,८००. इतरांच्या पानातले उरले, तरच वर चार घास. मी शाळामास्तर. माझ्या शाळेत एका वाडीवरून दोन पोरे येतात, दुसऱ्या गावाहून साठ. प्रत्येक गावास खिचडीची पाचच ताटे, असा नियम मी केला तर पालक मला हाकलून देतील, आणि ते योग्यच होईल. आइसलँडला आणि भारताला एकच माप लावणे, यास समता म्हणावयाचे?

परिणाम पाहा. ऑक्टोबर २०२५ मध्ये उच्च पदवीधरांच्या वर्गात, भारतात जन्मलेल्यांपैकी २०१३ साली रांगेत उभे राहिलेल्यांची पाळी चालू होती. गंमत अशी, की बायको दुसऱ्या देशात जन्मलेली असेल तर तिच्या देशाची आखूड रांग नवऱ्यास धरता येते. गुण तेच, काम तेच. फरक तो बाळंतिणीच्या खोलीचा!

माझा एक जुना विद्यार्थी त्या रांगेत आहे. नोकरी सुटली तर दुसरी शोधण्यास त्यास फार तर साठ दिवस. त्याची मुलगी दोन वर्षांची असताना तेथे गेली, आता एकोणिसाची आहे. एकविसाव्या वर्षी कायद्याच्या लेखी ती 'मूल' उरत नाही. २००२ च्या एका कायद्याने वयातून थोडी वजाबाकी करून दिली आहे. एवढ्या लांब रांगेस ती पुरत नाही. मग तिने स्वतःपुरता वेगळा परवाना मिळवावा, नाहीतर जो देश तिला आठवतही नाही तेथे 'परत' यावे.

कोणी म्हणेल, "पैशासाठी गेले, भोगू देत." पैशासाठी जाणे हा गुन्हा असेल, तर कोकणातून मुंबईच्या गिरण्यांत गेलेले आपले आजेही गुन्हेगारच. दुसरा म्हणेल, मर्यादा उठली तर इतर देशांच्या लोकांस थांबावे लागेल. लागेल, हे खरे. परंतु ओझे सर्वांनी वाटून घेणे निराळे आणि एकदोघांच्याच डोक्यावर ठेवणे निराळे.

हे तेथील शहाण्यांस कळत नाही असे नाही. २०१९ साली प्रतिनिधिगृहाने आणि २०२० साली सिनेटने ही मर्यादा उठविण्याची विधेयके संमत केली. दोन मसुद्यांचा मेळ बसला नाही, आणि कायदा झाला नाही. अन्याय ओळखावयाचा आणि फायलीत बांधून ठेवावयाचा, यास अज्ञान म्हणत नाहीत.

दार लावावयाचे तर उघडपणे लावावे. पाहुणा दुसरे घर पाहील. परंतु ज्यास आपण होऊन कामाला बोलावले, ज्याच्याकडून वर्षानुवर्षे कर घेतला, त्यास उंबऱ्यावर बसवून म्हातारे करणे, हा कोणत्याच घराचा धर्म नव्हे.