चित्रसंकोचन आणि मापातले पाप

उत्पादनाचे तंत्र सुधारले म्हणजे त्या सुधारणेचे फळ कोणाच्या पदरात पडते, हा अर्थशास्त्रातील जुना प्रश्न आहे. यंत्रमाग आला तेव्हा तो विचारला गेला, ट्रॅक्टर आला तेव्हाही विचारला गेला. उपग्रह दूरचित्रवाणीच्या क्षेत्रात गेल्या तीन दशकांत त्याच तोडीचे परिवर्तन घडले. परंतु ते डोळ्यांना दिसत नसल्यामुळे त्याच्याबाबत हा प्रश्न फारसा कोणी विचारला नाही. या परिवर्तनाचे नाव व्हिडिओ कॉम्प्रेशन, म्हणजेच चित्रसंकोचन. ते तंत्रज्ञांपुरते आहे असे समजून सामान्य नागरिकाने आणि लोकशाही चळवळींनी त्याकडे पाठ फिरवली. परिणामी एका सार्वजनिक संपत्तीच्या वाटपाचा प्रश्न त्यांच्या अपरोक्षच निकालात निघत आहे.

आधी वस्तुस्थिती पाहू. १९८३ मध्ये इन्सॅट-१बी हा उपग्रह अवकाशात गेला आणि देशभर दूरदर्शनचा विस्तार झाला. त्या काळी उपग्रहावरील एका ट्रान्सपाँडरवरून, म्हणजे संदेश झेलून परत पृथ्वीकडे धाडणाऱ्या एका यंत्रणेवरून, सर्वसाधारणपणे एकच वाहिनी प्रसारित होई. ट्रान्सपाँडर मोजके, त्यांचे भाडे अवाढव्य. म्हणून वाहिन्याही मोजक्याच. साध्या दर्जाचे चित्र अंकीय रूपात जसेच्या तसे पाठवायचे म्हटले, तर सेकंदाला सुमारे १६ कोटी ६० लक्ष बिट लागतात. एका ट्रान्सपाँडरची वहनक्षमता, प्रचलित पद्धतीने पाहता, सेकंदाला ३ कोटी ८० लक्ष बिटांच्या आसपास असते. म्हणजे संकोचनाविना एक वाहिनीसुद्धा त्यात मावणार नाही.

ही अडचण ज्या युक्तीने सुटली ती समजण्यास अवघड नाही. पडद्यावर सेकंदाला पंचवीस चित्रे उमटतात, पण एका चित्रात आणि त्याच्या पुढच्या चित्रात फरक थोडाच असतो. वृत्तनिवेदकाच्या मागची भिंत हलत नाही. ती प्रत्येक वेळी नव्याने कशाला पाठवायची? तेव्हा एक चित्र पूर्ण पाठवावे आणि पुढच्या काही चित्रांचे केवळ फरक पाठवावेत. शिवाय मानवी डोळ्याला जे सूक्ष्म बारकावे सहसा जाणवत नाहीत, ते गाळून टाकावेत. १९९४-९५ च्या सुमारास सिद्ध झालेल्या एमपेग-२ या प्रमाणपद्धतीने साध्या वाहिनीचे काम सेकंदाला ४० लक्ष बिटांच्या आसपास भागू लागले. २००३ मध्ये एमपेग-४ कुळातील एच.२६४ ही पद्धत आली आणि जवळपास तोच दर्जा निम्म्या बिटांत मिळू लागला. २०१३ मध्ये आलेल्या एचईव्हीसीने ती गरज पुन्हा निम्म्यावर आणली. जिथे एक वाहिनी होती तिथे दहा, मग वीस मावू लागल्या. उपग्रह तोच, लहरी त्याच. उत्पादकता मात्र वीसपट.

या ज्ञानाचा उगमही लक्षात घेण्याजोगा आहे. संकोचनाच्या मुळाशी असलेले गणिती रूपांतर १९७४ मध्ये नासिर अहमद, टी. नटराजन आणि के. आर. राव या तिघांनी प्रसिद्ध केले. तिघेही भारतीय वंशाचे आणि अमेरिकेतील सार्वजनिक विद्यापीठांशी संबंधित होते. शोध शोधनिबंधातून सर्वांसाठी खुला झाला. मात्र त्याच्या पायावर उभ्या राहिलेल्या पद्धतींवर पुढे एकस्वांची जाळी विणली गेली. एमपेग-२ च्या एकस्वधारकांचा संघ बराच काळ प्रत्येक संग्राहक उपकरणामागे काही डॉलर वसूल करीत होता. अमेरिकेतील अखेरचे एकस्व २०१८ मध्ये संपले. खेड्यातील शेतमजुराने छत्रीसोबत जी लहानशी पेटी विकत घेतली, तिच्या किमतीत हाही खंड मिसळलेला होता.

दुसरी बाजू आकाशलहरींची. ९ फेब्रुवारी १९९५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने बंगाल क्रिकेट संघटनेच्या खटल्यात निःसंदिग्ध शब्दांत सांगितले की, आकाशलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे आणि तिचा वापर लोकहितासाठीच व्हावयास हवा. या निकालाच्या लेखनात न्या. पी. बी. सावंत यांचा वाटा मोठा होता. आता साधा हिशेब मांडू. लहरी लोकांच्या मालकीच्या, मूळ ज्ञान सार्वजनिक विद्यापीठांतले. या दोहोंच्या संयोगातून वीसपट क्षमता निर्माण झाली. या अतिरिक्त क्षमतेत प्रेक्षकाचा वाटा किती?

प्रेक्षकाला काहीच मिळाले नाही असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. संकोचनामुळे वाहिनी चालविण्याचा खर्च उतरला, आणि म्हणूनच प्रादेशिक भाषांना आकाशात जागा मिळाली. मराठीत आज ज्या वृत्तवाहिन्या आणि करमणुकीच्या वाहिन्या दिसतात, त्यांतील बहुतेकांना एकेक ट्रान्सपाँडर स्वतंत्रपणे भाड्याने घेणे कधीच परवडले नसते. भाषिक लोकशाहीच्या दृष्टीने हा लाभ लहान नाही. प्रश्न आहे तो लाभाच्या मापाचा.

भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरणाने २०१७ मध्ये काढलेला दरविषयक आदेश २०१९ च्या फेब्रुवारीपासून अंमलात आला. त्यानुसार वितरकाला शंभर साध्या वाहिन्यांच्या वहनासाठी दरमहा जास्तीत जास्त १३० रुपये, करांव्यतिरिक्त, आकारता येत होते. या आकाराला नाव दिले गेले ‘नेटवर्क कपॅसिटी फी’, म्हणजे वहनक्षमतेचे शुल्क. २०२० मध्ये तेवढ्याच रकमेत दोनशे वाहिन्या देणे बंधनकारक झाले. २०२४ च्या जुलैमध्ये ही कमाल मर्यादाच उठविण्यात आली. या व्यवस्थेत एक हाय डेफिनिशन वाहिनी दोन साध्या वाहिन्यांबरोबर धरली गेली. शुल्क क्षमतेचे आणि मोजणी मात्र वाहिन्यांच्या संख्येची! एका वाहिनीला किती बिट दिले, याचा त्यात उल्लेख नाही. व्यापाऱ्याने पोती मोजून पैसे घ्यावेत आणि पोत्यात धान्य किती हे तराजूवर घालूच नये, अशातला हा प्रकार. आपल्याकडे याला मापात पाप म्हणतात.

आणि पोते हलके करण्याचा मोह स्वाभाविक आहे. एका ट्रान्सपाँडरमध्ये आणखी दोन वाहिन्या कोंबल्या की उत्पन्न वाढते, खर्च जवळपास तेवढाच राहतो. तंत्रज्ञांनी सामुदायिक वाटपाची सोय केलेली आहे: ज्या क्षणी ज्या वाहिनीला अधिक बिट हवेत तिला ते मिळतात, निवांत वाहिनीचे कमी होतात. चर्चेच्या कार्यक्रमाला थोडे पुरतात, कबड्डीच्या सामन्याला पुष्कळ लागतात. परंतु गर्दी मर्यादेबाहेर गेली की हे वाटप कोलमडते. मैदानावरचे गवत चिखलासारखे दिसू लागते, धावत्या खेळाडूभोवती चौकोनी ठिकऱ्या उडतात, पडद्याच्या तळाशी धावणारी अक्षरे फुटतात. त्यात प्रसारक एकदा संकोचन करतो आणि वितरक तेच चित्र उलगडून बहुधा पुन्हा दाबतो. दुहेरी गाळणीतून गेलेले चित्र घरी पोहोचते. स्पर्धा असल्यामुळे ग्राहक दर्जा पाहून वितरक बदलेल, हा युक्तिवाद येथे लंगडा पडतो. छत्री, पेटी, जोडणी यांचा खर्च नव्याने करावा लागतो. आणि दर्जाचा आकडा कोणाच्याच बिलावर छापलेला नसताना तुलना करावी तरी कशाची?

याहून गंभीर प्रश्न गरिबांच्या छत्रीचा आहे. डिसेंबर २००४ मध्ये प्रसारभारतीने ‘डीडी डायरेक्ट प्लस’ ही मासिक वर्गणी नसलेली सेवा सुरू केली. तीच आजची ‘डीडी फ्री डिश’. पेटी आणि छत्री एकदा विकत घेतली की पुढे दमडीही द्यावी लागत नाही. व्यवसायातील अंदाजांनुसार चार कोटींहून अधिक कुटुंबे या सेवेवर आहेत. त्यांपैकी बहुसंख्य घरांतील पेट्या जुन्या एमपेग-२ पद्धतीच्या. नव्या पद्धतीचे प्रसारण त्यांना उलगडता येत नाही. म्हणून प्रसारभारतीने जुन्या पद्धतीच्या जागा चालू ठेवल्या आणि नव्या पद्धतीच्या जागा सोबतीला उघडल्या. २०११ पासून या जागांचा ई-लिलाव होतो. त्यातून शेकडो कोटी रुपये मिळतात आणि जुन्या पद्धतीच्या जागेला भाव अधिक येतो. तांत्रिकदृष्ट्या मागास जागा महाग का? कारण प्रेक्षक तिथे आहेत. ही किंमत उपग्रहाने निर्माण केलेली नाही. कोट्यवधी गरीब कुटुंबांनी पदरमोड करून घेतलेल्या पेट्यांनी ती निर्माण केली आहे.

नवी पद्धत निम्म्या जागेत तेच काम करते. तेव्हा आज ना उद्या जुनी पद्धत बंद करण्याचा आग्रह धरला जाईल, आणि तो तर्काला सोडून नसेल. सार्वजनिक लहरी वाया जाऊ नयेत हे समाजवाद्यांनाही मान्य आहे. परंतु बदलाचा खर्च कोणी सोसावा? बचत प्रसारणसंस्थेची आणि वाहिन्यांची, भुर्दंड मात्र मजुराचा, हे न्यायाचे नाही. २०२३ च्या जानेवारीत केंद्र सरकारने मंजूर केलेल्या सुमारे २,५३९ कोटी रुपयांच्या योजनेत दुर्गम, आदिवासी आणि सीमावर्ती भागांत आठ लाखांहून अधिक पेट्या मोफत देण्याचा संकल्प होता. संकल्प स्तुत्य, पण चार कोटींच्या पुढे आठ लाख म्हणजे शंभरात दोन घरे. लिलावाच्या उत्पन्नातूनच जुनी पेटी मोफत बदलून दिली, तर ज्यांनी मूल्य निर्माण केले त्यांना त्याचा परतावा मिळेल. आणि पेट्या बदलण्याच्या निमित्ताने सांकेतिक कुलूप घालून ही मोफत सेवा उद्या सशुल्क करण्याची वाट मोकळी होऊ नये, याची हमी संसदेत दिली जावी.

आता ध्वनिचित्रमुद्रणाचा मुद्दा. ज्या पेटीत मुद्रणाची सोय असते ती आलेला संकोचित प्रवाह तसाच चकतीवर उतरवून घेते. सेकंदाला ४० लक्ष बिट या हिशेबाने तासाभराच्या कार्यक्रमाला सुमारे १.८ गिगाबाइट जागा लागते; ५०० गिगाबाइटच्या चकतीवर पावणेतीनशे तास मावतात. वितरकाने बिट निम्मे केले की तासांची संख्या दुप्पट होते. ग्राहकाला हा फायदा भासतो. पण गाळलेला बारकावा मुद्रणातूनही कायमचा गेलेला असतो. आणि ते मुद्रण तरी त्याच्या मालकीचे असते काय? बहुतेक खाजगी सेवांत ते त्या पेटीला आणि चालू वर्गणीला बांधलेले असते. पेटी बिघडली वा वर्गणी थकली की साठवलेले सारे कुलुपात. वस्तुतः १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचे कलम ३९ स्वतःच्या खाजगी उपयोगासाठी, तसेच प्रामाणिक अध्यापन व संशोधनासाठी प्रसारणाचे मुद्रण करण्यास मोकळीक देते. खेड्यातील शिक्षकाने एखादा विज्ञानविषयक कार्यक्रम मुद्रित करून वर्गात दाखवावा, हे कायद्याला मंजूर आहे, यंत्राला नाही. लोकनियुक्त संसदेने दिलेला अधिकार उत्पादकाच्या कारखान्यात रद्द होतो, ही बाब लोकशाहीला शोभणारी नाही.

व्यक्तीच्या संग्रहाहून समाजाचा संग्रह मोलाचा. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. त्याच्या चित्रफितींत महाराष्ट्राच्या शेतीचा, रंगभूमीचा, संगीताचा आणि सार्वजनिक वादविवादांचा इतिहास उतरत गेला. फिती महाग म्हणून दूरदर्शनच्या सुरुवातीच्या काळातील कितीतरी कार्यक्रम पुसून त्यांवर नवे मुद्रण झाले. बीबीसीसारख्या श्रीमंत संस्थेनेही हेच पाप केले. आज फिती पुसण्याची गरज नाही, पण जबर संकोचन करून मूळ फीत टाकून देणे हे पुसण्याचेच सौम्य रूप आहे. प्रसारणासाठी दाबलेले चित्र पुन्हा मूळ रूपात फुगवता येत नाही. पुढच्या पिढीने ते नव्या पद्धतीत उतरवले की झीज वाढतच जाते.

खर्चाची सबब येथे टिकत नाही. तासाभराचे साधे चित्र संकोचनाविना सुमारे ७५ गिगाबाइट भरते. काहीही न गाळणाऱ्या संकोचनाने ते ढोबळमानाने निम्म्यावर येते. या मापाने दहा हजार तासांच्या संग्रहाला ३७५ टेराबाइटच्या आसपास जागा लागेल. २०२१ पासून मिळणाऱ्या एलटीओ-९ जातीच्या एका संगणकीय फितीत १८ टेराबाइट मावतात. म्हणजे अवघ्या २१ फिती; सुरक्षिततेसाठी दुसरी प्रत दुसऱ्या शहरात ठेवायची तर ४२. एका कपाटाच्या जागेत दहा हजार तासांचा सामाजिक इतिहास निर्दोष राहू शकतो. फिती तपासणे, स्वच्छ करणे, सूची करणे यांना मनुष्यबळ लागेल. पण सुशिक्षित बेकारांच्या या देशात तीही अडचण म्हणून नव्हे, तर संधी म्हणून पाहता येईल.

तेव्हा मागण्या स्पष्ट आहेत. वहनक्षमतेचे शुल्क घेणाऱ्या प्रत्येक वितरकाने प्रत्येक वाहिनीला सरासरी किती बिट दिले जातात ते जाहीर करावे आणि नियामकाने त्याची किमान पातळी ठरवून तपासणी करावी. फ्री डिशमधील जुन्या पेट्या लिलावाच्या उत्पन्नातून बदलून द्याव्यात, आणि तोवर जुने प्रसारण बंद करू नये. कायद्याने दिलेला खाजगी व शैक्षणिक मुद्रणाचा अधिकार पेटीच्या रचनेतही मान्य व्हावा. सार्वजनिक प्रसारकाच्या संग्रहाची काहीही न गाळलेली प्रत जतन करण्याचे बंधन कायद्याने घालावे.

यांतील एकही मागणी तंत्रज्ञानाच्या विरोधात नाही. संकोचन हे मानवी बुद्धीचे मोठे यश आहे, आणि ते दिवसेंदिवस प्रभावी होत जाणार आहे. एका ट्रान्सपाँडरमध्ये उद्या चाळीस वाहिन्या मावतील. त्या जागेचे भाडे कोणी खाल्ले, कोणाची पेटी भंगारात गेली आणि कोणत्या फितीवरचा इतिहास पुसट झाला, याचा जमाखर्च मागण्याचे काम मात्र यंत्र करणार नाही. लहरींचे मालक असलेल्या नागरिकांनाच ते करावे लागेल.