पाडव्याची सुपारी

गुढीपाडवा जवळ आला की पुणे-नाशिक रस्त्यावरच्या नारायणगावात तमाशा फडांच्या राहुट्या लागतात. गावोगावचे यात्रा कमिटीवाले येतात, नाचणाऱ्या किती, सोंगाड्या कोण, यंदा वग कोणता याची चौकशी करतात आणि घासाघीस करून सुपारी देतात. चैत्र पौर्णिमेला गावोगाव यात्रा, म्हणून त्या रात्रीचा भाव चढा. आडतिथीला मात्र मिळेल त्या दराने बारी उभी करायची.

या सौद्याच्या कितीतरी आधी फड कर्जात उतरलेला असतो. दसऱ्याच्या सुमारास हंगाम सुरू होतो, पण त्याआधी कलावंताला उचल द्यावी लागते. घराचं छप्पर, मुलीचं लग्न, आईचं औषध, सगळं त्या उचलीतून. ती फिटेपर्यंत तो फडाशी बांधलेला. मालक तरी कुठून आणणार? सावकाराकडून. व्याज बारा महिने चालतं, चार पैसे सुटतात ते यात्रांच्या दिवसांतच. 2020 साली पाडवा आला 25 मार्चला, देशव्यापी टाळेबंदीच्या पहिल्याच दिवशी. यात्रा बुडाल्या, सुपाऱ्या गेल्या. उचल आणि व्याज तेवढं राहिलं.

आपल्याला कलावंत आठवतो तो बहुधा म्हातारपणी. सरकार वृद्ध कलावंतांना मानधन देतं, तमाशा कलावंत विठाबाई नारायणगावकरांच्या नावाने जीवनगौरव पुरस्कारही देतं. द्यावाच. पण 1957 आणि 1990 मध्ये राष्ट्रपतींकडून गौरवल्या गेलेल्या विठाबाईंची अखेर ओढगस्तीत झाली, हेही त्या व्यासपीठावरून सांगायला हरकत नाही.

कलावंताचं आयुष्य मार्गी लागतं किंवा फसतं ते उचलीच्या दिवशी. नारायणगावच्या पंचक्रोशीत द्राक्षबागेला पीककर्ज मिळतं. मग फडाला का नको? मागच्या तीन हंगामांच्या सुपाऱ्यांचे कागद पाहून एखाद्या पतसंस्थेने दसऱ्याआधी कर्ज द्यावं, हंगाम संपला की वसूल करावं. अडचण एकच: असा कागद फडाकडे हवा. तोंडी शब्दावर आणि रोख इसारावर चालणाऱ्या धंद्याला कोणती संस्था दारात उभं करील? मालकांनीही उचलीचा हिशेब कलावंताच्या हातात लेखी द्यायला हवा. तिथे काहींचे हात आखडतात, हे उघड आहे.

कमिट्यांना मात्र सरकारी आदेशाची वाट पाहायचं कारण नाही. यंदा राहुटीत बसाल तेव्हा इसार बँकेतून द्या, आणि अवकाळी पावसाने खेळ झाला नाही तर फडाला किती देणार, तो आकडा करारातच लिहा.