चित्र देवाचे, हमी औषधाची

आषाढी वारीत ज्ञानेश्वर माउलींची पालखी नातेपुत्याहून निघून, सदाशिवनगरचे रिंगण आटोपून माळशिरसच्या मुक्कामी येते, तेव्हा टाळमृदंगाच्या गजरात रस्त्याच्या कडेला कुणीतरी रंगीत कागद वाटीत उभा असतो. त्याच्या एका अंगास कटीवर कर ठेवलेला विठ्ठल असतो आणि दुसऱ्या अंगास मधुमेह समूळ नाहीसा करण्याची हमी. गेल्या वारीत एका वृद्ध माउलीने तो कागद कपाळाला लावला, चौघडी घातली आणि कमरेच्या चंचीत ठेवला. "आजी, द्या टाकून," असे मी म्हणताच त्या म्हणाल्या, "देव हाय त्यात, टाकू कसा, बाबा?"

हे मर्म औषधविक्रेत्यांनी फार पूर्वी ओळखले होते. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रंगीत शिलामुद्रण स्वस्त झाले, तेव्हा इंग्लंड-अमेरिकेतील तथाकथित पेटंट औषधांच्या (त्या औषधांची कृती बहुधा गुप्तच राखलेली असे) कारखानदारांनी मनोहर चित्रांची कार्डे फुकट वाटली, आणि लोकांनी ती वह्यांत डकवून वर्षानुवर्षे जपली. 'मिसेस विन्स्लोज सूदिंग सिरप'च्या कार्डावर वत्सल माता आणि प्रसन्न बालक असे. बाटलीत मात्र मॉर्फिन होते, आणि ते तान्ह्या मुलांना पाजले जात होते.

आपल्याकडे राजा रविवर्मा यांनी 1894 साली मुंबईत काढलेला आणि पुढे मळवलीस नेलेला छापखाना फ्रिट्झ श्लायशर या जर्मन तंत्रज्ञाच्या मालकीचा झाल्यावर, देवदेवतांच्या चित्रांबरोबर व्यापारी मालाच्या जाहिरातीही तेथून बाहेर पडू लागल्या. ज्या चित्रकलेने गरिबाच्या भिंतीवर देव आणला, तिच्याविषयी मला कृतज्ञताच आहे. परंतु देवाविषयीची श्रद्धा औषधाच्या खात्यावर जमा करून घेणे, ही रुग्णाची उघड फसवणूक होय.

कायदा याबाबतीत निःसंदिग्ध आहे. 1954 च्या औषधे व जादूटोणा उपाय कायद्याने मधुमेह, कर्करोग, पक्षाघात, मुतखडा इत्यादी व्याधी बऱ्या करण्याची जाहिरात करण्यास सक्त मनाई केली असून, पहिल्याच अपराधास सहा महिन्यांपर्यंत कैद सांगितली आहे; आणि जाहिरात या संज्ञेत हस्तपत्रक, वेष्टन, इतकेच काय, ध्वनिक्षेपकावरील पुकाराही येतो. उणीव आहे ती अंमलबजावणीची. पालखीच्या बंदोबस्तात पाणी, आरोग्य, वाहतूक यांची तजवीज होते. तीत औषध निरीक्षकाची फेरीही दरसाल ठरलेली असावी, अशी माझी सरकारदरबारी मागणी आहे.

वारकरी बंधुभगिनींना एकच विनंती. कागदावरचा विठ्ठल कातरून खुशाल देव्हाऱ्यात ठेवा. परंतु त्या हमीच्या भरवशावर डॉक्टरांनी दिलेली मधुमेहाची गोळी एक दिवसही बंद करू नका.