बुरशीच्या विकारांची मोजदाद कधी?

मे २०२१ मध्ये, कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत म्युकरमायकोसिसने महाराष्ट्राला हादरविले. केंद्राच्या सूचनेनंतर या आजाराची नोंद सक्तीची झाली. अॅम्फोटेरिसिन-बीचा तुटवडा असताना कोणत्या राज्याला किती कुप्या द्यायच्या, हे रुग्णसंख्येवरूनच ठरले.

अन्य बुरशीजन्य विकारांचा असा हिशेबच ठेवला जात नाही. त्यामुळे अंदाजावरच भिस्त. दिल्लीतील ‘एम्स’ व मँचेस्टर विद्यापीठ आदी संस्थांतील संशोधकांनी चारशेहून अधिक शोधनिबंध तपासून २०२२ च्या अखेरीस असा अंदाज मांडला. त्यानुसार ५ कोटी ७० लाख भारतीय, म्हणजे लोकसंख्येच्या ४.१ टक्के, गंभीर बुरशीजन्य आजारांनी ग्रस्त आहेत. मोजक्या रुग्णालयांतील प्रमाण साऱ्या देशाला लावल्याने हा आकडा चुकूही शकतो. पण दुर्लक्षिण्याजोगा खचितच नाही.

यातील सुमारे १७ लाख रुग्ण फुप्फुसांतील जुनाट अॅस्परजिलस संसर्गाचे आहेत. क्षयाने पडलेल्या पोकळीत ही बुरशी वाढते. खोकला, थुंकीतून रक्त, घटते वजन ही लक्षणेही क्षयाचीच! साहजिकच रुग्णाला पुन्हा क्षयाचीच औषधे दिली जाण्याचा धोका असतो.

नवी मुंबईत, देशात अन्यत्र असते तशीच, क्षयरुग्णाची नोंद २०१२ पासून बंधनकारक आहे. क्षयोपचार संपूनही खोकला न थांबलेल्यांची वाशी, नेरुळ, ऐरोलीच्या पालिका रुग्णालयांत बुरशीसाठी रक्ततपासणी करून नोंद ठेवली, तर अंदाजाची जागा गणनेला घेता येईल. ज्याची नोंद नाही, त्याच्यासाठी औषधाची तरतूद कोण करणार?